बाहेरच्या बाजूचा डाग

काच पुसताना बाहेरच्या माणसांकडे बघायचं नाही, हा त्याने स्वतःपुरता घालून घेतलेला नियम होता. माणसं बघत बसलं की हात थांबतो, हात थांबला की शेवाळ राहतं, आणि राहिलेलं शेवाळ मग दिवसभर सगळ्या मत्स्यालयाला वेडावून दाखवत बसतं. शिवाय आतून बघण्यासारखं काही नसतंच. हॉलमध्ये मुद्दाम अंधार ठेवलेला, उजेड सगळा पाण्यात. त्यामुळे टाकीच्या आतून ती भली उंच काच म्हणजे नुसता काळा पडदा, आणि कोणी अगदी नाक टेकवायला आलं तरच त्याचा चेहरा त्या काळ्यातून निळा होऊन वर येतो. निळी आजी, निळं तान्हं, निळे नवरा-बायको. सगळे सारखेच निळे आणि सगळ्यांची तोंडं सारखीच उघडी. त्यामुळे आजही तो मान खाली घालून, डाव्या हातातला स्पंज गोल गोल फिरवत खालच्या कोपऱ्यातून वर सरकत होता. आणि अशात एक बाई काचेजवळ आली, तिने खांद्यावरून घसरलेल्या पर्सचा पट्टा दातात धरला, दोन्ही हात मोकळे करून सोबतच्या मुलीचं नाक पुसलं, आणि पट्टा दातात तसाच ठेवून तिला चांगली झापली. पर्सचा पट्टा दातात धरून झापता येणारी एकच बाई त्याच्या माहितीत होती. ती त्याची ताई होती.

त्याने श्वास रोखला. पाण्याखाली श्वास रोखायचा नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. नव्या पोरांना तोच दमात घेऊन शिकवायचा. छाती भरलेली राहिली की माणूस फुग्यासारखा वर निघतो, मग त्याची इच्छा असो नसो. तो निघालाच. हातभर वर गेला, गुडघा खडकावर आपटला, आणि खडकाच्या आडोशाला घोळका करून असलेले बारके निळे मासे एका झटक्यात पोवळ्याच्या फांद्यांत दिसेनासे झाले. टाकीच्या पलीकडच्या टोकाला त्याची जोडीदारीण वाळूवर गुडघे टेकून खाण्याची बादली बांधत होती. तिने मान वळवून पाहिलं आणि अंगठा नि बोट जुळवून गोल केला: ठीक ना? त्यानेही गोल केला: ठीक. धडधडीत खोटं. पण पाण्याखाली खोटं बोलायला फारसे कष्ट पडत नाहीत, दोन बोटं जुळवली की काम भागतं, आवाज कापत नाही की डोळे चोरावे लागत नाहीत. त्याने सावकाश श्वास सोडला. बुडबुडे वर गेले आणि तो खाली आला, थेट ताईच्या समोर.

ताई जाड झाली होती. केस कानाजवळ पांढरे झाले होते, की तो निळ्या उजेडाचा चावटपणा होता, कळत नव्हतं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, वर कुठेतरी बघत होती. कदाचित डोक्यावरून तरंगत जाणारं कासव तिला दिसलं असेल. तिने बघितलं असतं तरी तिला काय दिसणार होतं? डोळ्यांवर मुखवटा, तोंडात नळी, अंगाला काळं रबर. त्या पोशाखात सख्खा बाप ओळखू येणार नाही. आणि ती काही त्याच्यासाठी आली असेल असं थोडंच आहे? सुट्टीचा दिवस. शाळकरी पोर असलेलं प्रत्येक घर कधी ना कधी इथे येतंच, पोरांना शार्क दाखवतं, वडे-चिप्स काहीतरी खातं, टोपी विकत घेतं आणि परत जातं. तो इथे कामाला आहे हे तिला ठाऊक असण्याचंही कारण नव्हतं. तिच्या लेखी तो अजून बोटीवरच होता. किंवा तिच्या लेखी तो नव्हताच. हे दुसरं म्हणणं त्याने इतक्या वेळा मनात म्हटलं होतं की त्याची धार आता बोथट झाली होती, दाढीच्या जुन्या पात्यासारखी. पण आज ती समोर उभी राहिल्यावर ते पुन्हा बरोबर लागलं.

मूळ गोष्ट तशी एका वाक्याची. वडील, म्हणजे आण्णा, गेले तेव्हा तो समुद्रात होता. मरतुकड्या बोटीवरून एका पथकाबरोबर पोवळ्यांची पाहणी करत हिंडत होता, आणि त्या वर्षी पाणी असं काही तापलं होतं की खाली उतरलं तर अंघोळीचं ऊन पाणी अंगावर घेतल्यासारखं वाटायचं. लोकांना पोवळं म्हणजे दगड वाटतो, फार तर झाड. ती प्राण्यांची वसाहत असते. तांदळाच्या दाण्याएवढे प्राणी, एकेकाला तोंड, तोंडाभोवती बारीक बोटं, आणि प्रत्येकाच्या अंगात शेवाळाचे कण भाडेकरू म्हणून राहिलेले. भाडेकरू उन्हात स्वयंपाक करतात आणि निम्म्याहून जास्त घरमालकाला देतात. पोवळ्याचा रंगही त्यांचाच. पाणी फार तापलं की घरमालकाचं डोकं फिरतं आणि तो भाडेकरूंना हाकलून देतो. मग रंग जातो, खालचा हाडासारखा सांगाडा दिसायला लागतो, आणि मैलोन् मैल पसरलेला तो डोंगर पांढराफटक पडतो. त्या पांढऱ्यावरून तो तासन् तास तरंगत होता. खाली सगळं चुन्यात बुडवून काढल्यासारखं, मासे आपल्याच मोहल्ल्यात वाट चुकल्यासारखे फिरत होते, आणि त्याला उगीच बरं वाटत नव्हतं. नंतर हिशेब मांडून पाहिला तेव्हा कळलं की आण्णा साधारण तेव्हाच गेले. निरोप बोटीवर पोचला तेव्हा उशीर झाला होता, तो घरी पोचला तेव्हा तर सगळंच उरकलं होतं. ताई दारात उभी होती. केस पिंजारलेले, हातात कसलं तरी रिकामं पातेलं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता कशाला आलास?"

बस्स. एवढंच वाक्य. त्याने पिशवी खाली ठेवलीसुद्धा नव्हती. तो आत गेला, आण्णांच्या रिकाम्या खाटेशी थोडा बसला, पाळण्यातल्या भाचीकडे पाहिलं, आणि कोणाच्या लक्षात येण्याआधी निघून गेला. पुढे ताईचे फोन आले. त्याने उचलले नाहीत, कारण ती काय बोलणार ते त्याला पाठ होतं. ते वाक्य पुन्हा एकदा ऐकायचं त्याच्या अंगात बळ नव्हतं. मग फोन यायचे थांबले, आणि ते थांबल्यावर त्याने मनाशी पक्कं केलं की झालं, या घरातून आपलं नाव कायमचं पुसलं गेलं. तेवढ्यावरच तो इतकी वर्षं जगत आला होता. मधे बोट सोडली, इथे लागला, टाकीतली काच पुसायला लागला. लोकांना वाटतं, पाणबुड्या म्हणजे काय मजा. मजा कसली! मोलकरणीचं काम आहे ते, फक्त केर माशांचा.

आणि ही बाई अशी तशी नव्हे. आई लवकर गेली, त्यामुळे त्याला वाढवला तिनेच, स्वतः फ्रॉक घालायच्या वयात. तो तेव्हापासूनच पाण्यातला. गावाबाहेरच्या दगडखाणीत साचलेल्या पाण्यात पोरं डुंबायची, आणि तो तिथून निथळत घरी आला की ताई पहिल्यांदा टॉवेल फेकायची. "डोकं पूस आधी, मग बोल." नापास होऊन आला तरी तेच, कोणाची काच फोडून आला तरी तेच, आधी डोकं पुसायचं, त्यानंतर मग जो काय मार असेल तो. तो डाव्या हाताने लिहायचा म्हणून शाळेतल्या बाईंनी पट्टी मारली, तेव्हा ही परकरी पोर तावातावाने शाळेत जाऊन बाईंशी भांडली होती. आणि संध्याकाळी ती खिडकीशी उभी राहायची. आण्णांची पाळी उशिरा सुटायची. ती काचेला कपाळ टेकवून गल्लीच्या तोंडाकडे बघत राहायची, आणि आण्णांची सायकल दिसली रे दिसली की घाईघाईने बाही ओढून काचेवरचा कपाळाचा डाग पुसून टाकायची. आपण वाट बघत होतो हे बापाला कळता कामा नये. कळलं तर त्यालाच वाईट वाटेल. असल्या गोष्टी तिला कोणी शिकवल्या होत्या कोण जाणे. त्या दिवशी दारात ती डोकं पूस म्हणाली नाही. अर्थात त्या दिवशी त्याचं डोकं कोरडं होतं, हा मुद्दा वेगळा.

काचेपलीकडे हालचाल झाली. भाचीने दोन्ही तळवे काचेला चिकटवले होते आणि ती माशांकडे बघत नव्हती, थेट त्याच्याकडे बघत होती. समोरचे दात पडलेले. पाळण्यात होती ती ही. तिने बोट दाखवलं, मान वर करून ताईला काहीतरी विचारलं, आणि पुन्हा त्याच्याकडे वळून तोंड हलवलं. ओठ दोनदा मिटले. दोनदा मिटले आणि दोनदा उघडले. मामा? त्याने तोंडातल्या नळीभोवती जीभ फिरवून ते स्वतः म्हणून पाहिलं, दोनदाच मिटतात. पण मग मम्मा म्हणतानाही दोनदाच मिटतात की. 'मम्मा, बघ हा माणूस कसा टक लावून बघतोय,' असं म्हणत असेल. पोरांचं काय. ताईने खाली वाकून तिला काहीतरी सांगितलं, आणि मग सरळ होऊन काचेला कपाळ टेकवलं. आता ती त्याच्याकडे पाहत होती. ताई आपल्याला पाण्यात पाहते, असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. आज ती ते अक्षरशः करत होती, आणि तिच्या डोळ्यांत काय आहे ते त्या निळ्या उजेडात कळायला मार्ग नव्हता.

नेमकी तेव्हाच त्याच्या पाठीवर थाप पडली. जोडीदारीण. तिला सगळे मासोळी म्हणत, आणि तिने बदला म्हणून त्याचं नाव पाणकोंबडा ठेवलं होतं. तिने बादली वर करून दाखवली. खेळाची वेळ झाली. या खेळात ती माशांना भरवते आणि तो तिची पाठ सांभाळतो. म्हणजे काय करायचं, तर काचेकडे पाठ करायची, हातात आखूड काठी धरायची, आणि तिच्या मागून कोण येतंय ते बघत राहायचं. मासे वाईट नसतात, पण खाण्याचा वास पाण्यात पसरला की घाईत असतात, आणि घाईतला शार्क पुढे बादली आहे की बाईचा हात एवढा विचार करत बसत नाही. शिवाय दोघं उतरले की दोघांनीच वर यायचं, हा नियम. मधेच जोडीदाराला टाकून कोणी जात नाही. घराला आग लागली तरी नाही. त्याने ताईकडे पाहिलं. हात वर करावा, काहीतरी खूण करावी. पण खूण करायची कसली? थांब, हे हाताने कसं सांगतात? पाणबुड्यांच्या सगळ्या खुणा त्याला येत होत्या, हवा संपली, कान दुखतोय, वर चल, शार्क. पण 'ताई, जाऊ नकोस' याची खूण त्यांच्यात नव्हती. त्याने काचेकडे पाठ केली.

बाहेर आता भोंगेवाला सुरू झाला असणार. आत काही ऐकू येत नाही, पण त्या बाबाचं भाषण त्याला तोंडपाठ होतं. मासोळीचा हात कुठल्या माशाकडे गेला त्यावरून तो आत्ता काय बोलत असेल हे तो अचूक सांगू शकला असता. पाकट आलं. पोराटोरांच्या चादरीएवढं, वाळूवरून अंग लाटांसारखं हलवत, आणि मासोळीच्या हातावर असं पसरलं की हातच दिसेना. 'बालमित्रांनो, पाकटाचे डोळे वरती आणि तोंड खालती! आपण काय खातोय हे त्याला कधीच दिसत नाही!' इथे लोक हसतात. ते वासाने शोधतं, आणि वाळूत पुरलेल्या जिवाच्या अंगातून जी बारीकशी वीज बाहेर पडते ती ओळखून शोधतं, हे भोंगेवाला पुढे सांगतो. शार्कलाही ती कळते. त्याच्या मनात आलं की मग आपलं हे जे काळीज ढोल वाजवतंय त्याची केवढी वीज पाण्यात सुटली असेल. आणि खरंच मोठी मुशी, टाकीतली सगळ्यात थोराड शार्क, वळून त्याच्याकडे आली, अगदी वितीवरून, आपला तो थंड गोल डोळा त्याच्यावर ठेवून गेली. त्याने काठी आडवी धरली. 'काय करू?' त्याने तिला मनात विचारलं. 'तुला पाठीमागचंही कळतं ना? आहे का ती अजून?' मुशी शेपूट हलवून निघून गेली. तिला दुसरी कामं होती.

पाठ ही गोष्ट किती आंधळी असते. मागे काच आहे, काचेमागे ताई आहे किंवा नाही, आणि मधे एवढं जाड पारदर्शक भिंताड. तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचा प्रयत्न करत होता, पण मुखवट्याला कोपरे नसतात. पोपटमासा खडक कुरतडत होता. कुट, कुट, कुट, हा एक आवाज मात्र पाण्यात अगदी स्वच्छ ऐकू येतो. पोवळ्यावरचं शेवाळ खायचं म्हणून तो दगडही चावतो, पोटात दळतो आणि मागून पांढरीशुभ्र वाळू सोडतो. 'ज्या वाळूत तुम्ही किल्ले करता ना, बालमित्रांनो...' इथे पोरं ईऽऽ करतात. भाचीनेही केलं असेल. असेल तर.

मग हेकरू आलं. दार अडेल एवढा अवजड मासा, खाली लोंबणारा जबडा, चेहऱ्यावर जन्माची नाराजी; त्याला सगळे हेडमास्तर म्हणत. हेडमास्तर पूर्वी बाई होते, म्हणजे मादी; हेकरूंमध्ये असं होतं, वय वाढलं की काही माद्या नर होतात, आणि भोंगेवाला हे सांगताना घसा खाकरतो. पण हेडमास्तर खायला आलेच नाहीत. ते बादलीवरून तसेच पुढे गेले आणि एका खडकाच्या कोपऱ्याशी जाऊन थांबले. तो कोपरा म्हणजे टाकीतलं न्हाव्याचं दुकान. तिथे बोटाएवढा, अंगावर काळी रेघ असलेला एक मासा राहतो, दुसऱ्यांच्या अंगावरचे किडे नि मेलेली कातडी खाऊन पोट भरतो, आणि मोठे मोठे मासे तिथे येऊन निमूट रांग लावतात. हेडमास्तरांनी जबडा उघडला. तो चिमुकला त्यांच्या तोंडात शिरला, दातांवरून फिरला, गालात गेला, कल्ल्यातून डोकावला. एक घोट आणि खेळ खलास झाला असता. पण हेडमास्तर डोळे अर्धे मिटून थांबले होते. आणि तोंड मिटायची वेळ आली तेव्हा त्यांनी आधी जबडा जरासा थरथरवला. निघ आता, मिटतोय. चिमुकला बाहेर आला, मग तोंड मिटलं. हे त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं. आज मात्र त्याला त्या माशाचा हेवा वाटला. तोंड उघडून असं समोर जाऊन उभं राहायला काय लागतं? फोन वाजत होता तेव्हा तो उचलून नुसतं 'हं' म्हणायला काय लागलं असतं? ती एक वाक्य बोलली असती. दोन बोलली असती. शिव्या दिल्या असत्या. देईना का. त्या पांढऱ्या डोंगराबद्दलही त्याला नंतर कुणीतरी सांगितलं होतं: सगळा नाही, पण बराचसा पुन्हा रंगला म्हणे. पांढरं पडलेलं पोवळं लगेच मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर भाडेकरू परत येतात. त्याने ते ऐकलं होतं, आनंद वाटला होता, आणि तरी तो ते पाहायला गेला नव्हता.

बादली रिकामी झाली. मासोळीने ती उलटी करून दाखवली आणि त्याच्या खांद्यावर टिचकी मारली: सुटलास. तो वळला.

काच काळी होती. कोणीच नव्हतं. तो हात मारत काचेशी गेला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. एक निळं जोडपं, एक निळा म्हातारा, बस्स. गेली. अर्थातच गेली. खेळ संपला, आता टोपी घेतील, वडे खातील. आणि ताई उभी होती त्या जागी, काचेवर, कपाळाच्या उंचीवर एक धुरकट डाग होता. त्याने हातातली काठी सोडून दिली आणि कमरेचा स्पंज काढून तो डाग घासायला सुरुवात केली. का, ते त्याला विचारू नये. समोर डाग दिसला की त्याचा हात चालतो एवढं खरं. त्याने घासला, गोल घासला, उभा घासला, मनगट दुखेपर्यंत घासला, आणि डाग काही हलेना. तो जसाच्या तसा. त्याला रडू यायला लागलं, आणि मुखवट्यात रडणं म्हणजे शुद्ध गाढवपणा, काच धुरकटते आणि काही दिसत नाही. मागून मासोळीचे बुडबुडे ऐकू आले. ती हसत होती. तिने पुढे येऊन त्याच्या हातावर हात ठेवला, डागाकडे बोट केलं आणि मग बोट काचेच्या पलीकडे वळवलं. बाहेरून आहे, येड्या. नव्या माणसाकडून होणारी ही हटकून चूक. बाहेर कोणाच्या कपाळाचा तेलकट ठसा उमटलेला असतो आणि आत नवं पोर जीव खाऊन घासत असतं. त्यावरून त्याने स्वतः कितीजणांची टर उडवली होती. इतकी वर्षं काच पुसून आज तो त्याच पोरांच्या रांगेत जाऊन बसला होता.

आणि तेवढ्यात त्या काळ्या पडद्यातून एक हात आला. हातात रुमाल. रुमालाने तो डाग पुसला, एकदा, दोनदा, बाही ओढून तिसऱ्यांदा. घाईघाईने, कोणी बघायच्या आत. मग हातामागून ताई आली. शेजारी भाची, तिची ओली बोटं फ्रॉकला पुसत. बाथरूमला गेल्या होत्या! एवढं जग इकडचं तिकडे झालं आणि पोरीला शू लागली होती! ताईने त्याच्या डाव्या हातातल्या स्पंजकडे बोट दाखवलं. मग स्वतःचा डावा हात वर करून, बोटं चिमटीत धरून, हवेत अक्षरं गिरवल्यासारखं केलं. भाचीने त्याच्याकडे पाहून पुन्हा ओठ दोनदा मिटले, आणि या वेळी तिने आईकडे पाहिलंही नाही, म्हणजे शंकेला जागाच उरली नाही. या मुलीने त्याला पाळण्यातून एकदा पाहिलेलं. तिला तो शब्द कोणीतरी शिकवला होता. रोज नसेल, पण अधूनमधून, जेवताना, फोटो दाखवताना, त्या घरात कोणीतरी मामा हा शब्द उच्चारत होतं. त्याचा जीव भांड्यात पडला. इतका सणसणीत पडला की त्याला वाटलं हेडमास्तरांनीसुद्धा मान वळवली.

त्याने मासोळीला अंगठा वर करून दाखवला: वर चल. वर जाताना आपल्याच बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही, हा आणखी एक नियम. त्याला वाटत होतं उडी मारावी. पण तो बुडबुड्यांच्या मागून, तोंडाने हवा सोडत, सावकाश वर गेला, आणि सावकाश जाणं त्याला आयुष्यात कधी एवढं जड गेलं नव्हतं.

टाकीच्या मागच्या बाजूला, पंपांच्या घरघरीत, ओल्या जिन्याच्या तोंडाशी तिकीटवाल्या बाईने दोघींना आणून उभं केलं होतं. तो पायातले पंख काढत होता, ते निघत नव्हते. त्याने तोंडातली नळी काढली. "ताई, मी तेव्हा..."

"डोकं पूस आधी," ताई म्हणाली. "मग बोल."

मासोळीने ताईच्या अंगावर टॉवेल फेकला, तिने तो त्याच्या डोक्यावर टाकला. टॉवेलच्या आत अंधार होता आणि तिथे बोलणं सोपं होतं. तो म्हणाला, "तू म्हणालीस, आता कशाला आलास."

"मी? कधी?"

"आण्णा गेले तेव्हा. दारात."

पंप घरघरत होता. "म्हटलं असेन," ताई म्हणाली. "मला काही आठवत नाही रे. त्या दिवशी मी सगळ्यांवरच ओरडत होते. दूधवाल्यावर ओरडले, डॉक्टरांवर ओरडले. आण्णांवरसुद्धा ओरडले, गेल्यावर." मग म्हणाली, "मला वाटलं, तू माझ्यावर रागावलास. तुझी वाट बघितली नाही म्हणून. लोक म्हणाले, थांबू या, आणि मीच म्हटलं, नको, उरका. एक दिवस थांबले असते तर तुला तोंड तरी दिसलं असतं. तू फोन घेईनास, तेव्हा म्हटलं बरोबरच आहे, कुठल्या तोंडाने बोलणार याच्याशी."

त्याने टॉवेल बाजूला केला. "मी कशाला रागावेन?"

"मला काय माहीत! विचारायची सोय ठेवलीस का तू?" ती उसळून म्हणाली, आणि पर्सचा पट्टा घसरला तो तिने दातात धरला, आणि त्याच्या हातातून टॉवेल ओढून घेऊन त्याचं डोकं खसाखसा पुसायला लागली. "मागे सगळं ओलं आहे. एवढा घोडा झाला तरी मागचं पुसत नाही."

"तुला कळलं कसं, मी इथे आहे?"

"शाळेची सहल आली होती इथे," भाची मधेच म्हणाली. "सहलीला आलेल्या मुलांनी सांगितलं की एक काका पाण्यात राहून डाव्या हाताने काच पुसतात. मी आईला सांगितलं. आई रडली आणि मग म्हणाली, कोणाला सांगू नकोस."

"चोंबडी," ताई म्हणाली.

कपडे बदलून तो त्यांच्याबरोबर हॉलमध्ये आला. बाहेरच्या बाजूने टाकी पाहून त्याला किती दिवस झाले होते आठवत नव्हतं. अंधारात उभं राहिलं की सगळं पाणी अंगावर आल्यासारखं दिसतं. कासव, पाकट, खडकाशी पुन्हा जबडा उघडून थांबलेले हेडमास्तर. भाचीला त्याने सफाई करणारा तो बोटाएवढा मासा दाखवला, आणि तिने विचारलं, "मग तो मोठा त्याला खात का नाही?" तो म्हणाला, "खाल्लं तर उद्या दात कोण घासेल?" तिला ते पटलं.

"ते तिथे काय राहिलंय?" ताई म्हणाली. काचेवर, तिच्या खांद्याच्या उंचीला, हिरव्या शेवाळाचा हातभर पट्टा तसाच होता. खालून तिथवर काच लख्ख, आणि मधेच स्पंज अचानक थांबल्यासारखा. तिने सवयीने पर्समधून रुमाल काढला आणि घासायला लागली. दोनदा घासलं, बाही ओढून तिसऱ्यांदा घासलं. "निघत कसं नाही हे?"

"आतून आहे ते, ताई. इथवर पुसत आलो होतो, तेवढ्यात तू आलीस."

ताईचा रुमाल तरी आणखी थोडा वेळ तिथेच फिरत राहिला.